घर बंद करताना: लाकडी सामान, पेटी, तबला आणि तंबोरा पावसाळ्यासाठी कसे ठेवायचे

मे महिन्याची सुट्टी संपली की कोकणातले चाकरमानी मुंबईला परततात, दाराला कुलूप लागतं आणि ते निघतं थेट गणपतीला. मधले तीन-साडेतीन महिने त्या घरात चूल पेटत नाही, पंखा फिरत नाही, खिडकी उघडत नाही. बाहेर मात्र तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळून जातो आणि हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे 85 ते 95 टक्क्यांवर रेंगाळते. जांभ्याचा चिरा जमिनीतलं पाणी वर ओढतो आणि फरशीला घाम येतो. अशा घरात माजघरातलं कपाट आणि कोपऱ्यातली पेटी (हार्मोनियम) काय भोगतात, हे एकदा नीट समजलं तर पुढचं काम अर्धं सोपं होतं.

लाकूड हवेतलं पाणी सतत घेतं आणि सोडतं. हवा 65 टक्क्यांवर असेल तर लाकडात साधारण 12 टक्के पाणी असतं, 80 वर 16 आणि 90 वर जवळजवळ 20. या पाण्याने लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत फुगतं. एक फूट रुंदीची सागवानी फळी 12 वरून 18 टक्क्यांवर गेली तर सुमारे तीन मिलिमीटर रुंद होते. खण अडकतो तो यामुळेच. हे फुगणं म्हणजे बिघाड नव्हे, हिवाळ्यात फळी पुन्हा आपल्या मापावर येते. खरं नुकसान होतं ते वेगळ्या गोष्टींनी. आर्द्रता 75 च्या वर टिकली की बुरशी धरते, सरसाने चिकटवलेले सांधे मऊ पडतात, लोखंडी खिळे-स्प्रिंगा गंजतात, कातडं सैल पडून कुजकट होतं. आणि सगळ्यात शेवटी, ऑक्टोबरच्या कडक उन्हात हे सगळं झपाट्याने सुकताना तडे जातात. पावसाने लाकूड फुगतं, पण फुटतं ते सुकताना.

यावर उपाय दोनच. एक तर वस्तू पूर्ण मोकळी ठेवायची, चहूबाजूंनी हवा खेळेल अशी. नाहीतर ती कोरडी असताना खरोखर हवाबंद करायची. बहुतेक जण करतात ते या दोन्हींच्या मधलं: पलंगावर प्लास्टिक टाकतात, पेटीला दुकानाची पिशवी गुंडाळतात, कपाटाची दारं गच्च लावतात. दमट हवा आत शिरते, पण बाहेर पडत नाही. रात्री गारवा आला की प्लास्टिकच्या आतून थेंब धरतात. असं अर्धवट झाकलेलं सामान उघड्या सामानापेक्षा आधी बुरसटतं. फर्निचर मोकळं ठेवा, वाद्यं हवाबंद करा. बाकी सगळा तपशील.

काम कधी धरायचं

दक्षिण कोकणात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या दहा दिवसांत लागतो, पण वळीव मे महिन्यातच दोन-तीनदा झोडपून जातो. निघायच्या आदल्या रात्री हे काम होत नाही. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाच्या आधी, दोन कोरडे दिवस बघून करावं. आणखी चोख करायचं असेल तर चांगलं वाद्य जानेवारी-फेब्रुवारीतच, हवा सर्वात कोरडी असताना, बंद करून टाकावं.

पहिलं काम पुसण्याचं. किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटरच्या आत घर असेल तर प्रत्येक वस्तूवर खारं पूट असतं. मीठ 75 टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, म्हणजे पावसाळाभर त्या पृष्ठभागावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर बसून राहतो. कोरड्या फडक्याने ते निघत नाही. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावं, लगेच कोरड्याने पुसावं आणि सावलीत दिवसभर वाऱ्यावर ठेवावं. उन्हात नको. मे महिन्याच्या उन्हात पॉलिश भाजतं आणि चिकटवलेला सांधा उघडतो.

जागा

पडवी नको, पश्चिमेच्या भिंतीलगत नको, माळ्यावर पत्रा असेल तर माळाही नको. पावसाची झड पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येते आणि ती भिंत आतपर्यंत ओली होते. पूर्वी या बाजूला झावळ्यांचे झाप बांधत, आता ताडपत्री बांधतात. काहीही बांधा, पण भिंत आणि ताडपत्री यांच्यात वीतभर अंतर सोडा. घराच्या मधली खोली, म्हणजे माजघर किंवा देवघराशेजारची खोली, सर्वात बरी. तिथल्या कौलांवर एकदा चढून पाहून घ्यावं. माकडांनी सरकवलेलं एक कौल पलंगाची गादी आणि पाट्या दोन्ही घालवतं.

जुन्या घरात वाद्यं आणि बी-बियाणं चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवत. धुराने किडा येत नसे आणि उबेने दमट हवा टिकत नसे. ती ऊब हेच खरं औषध होतं. हवा 27 वरून 32 अंशांवर नेली तर, पाण्याचा अंश तेवढाच असतानाही, 90 टक्के आर्द्रता 68 च्या आसपास उतरते. नुसत्या पाच अंशांनी. म्हणून कपाटात 25 वॅटचा जुना तारेचा बल्ब लावायची पद्धत आहे, आणि ती चालते (एलईडी लावून काही उपयोग नाही, त्याची ऊब नगण्य असते). पण हे राहत्या घरापुरतं. कुलूपबंद घरात, वीज येता-जाता, कपड्यांजवळ बल्ब पेटता ठेवून मुंबईला जाणं म्हणजे आगीला निमंत्रण. घर बंद करताना मेन स्विच बंदच करावा.

कपाट, पलंग, टेबल, देव्हारा

प्रत्येक पायाखाली कडप्प्याचा 10 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा आणि त्यावर जाड प्लास्टिकचा किंवा जुन्या रबरी चपलेचा चौकोन ठेवा. फरशीचा घाम त्यामुळे पायात चढत नाही. लाकडाचं आडवं कापलेलं टोक उभ्या बाजूपेक्षा कितीतरी पटीने पाणी शोषतं आणि पायाचा तळ म्हणजे नेमकं तेच टोक. पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची जुनी सवय मुंग्यांसाठी ठीक, पण बंद खोलीत त्या वाट्या आर्द्रतेत भरच घालतात.

भिंतीपासून किमान 10 सेंटिमीटर अंतर हवं, पश्चिमेच्या भिंतीपासून 30. कपाटाची पाठ नेहमी आधी बुरसटते, कारण तिला बहुधा पॉलिशच नसतं. एका बाजूला पॉलिश आणि दुसरी कोरी असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या फुगतात आणि फळी वाटीसारखी वाकते. टेबलाच्या खालच्या बाजूला आणि कपाटाच्या पाठीला एकदा मेहनत घेऊन दोन हात पॉलियुरेथेनचे मारले तर पुढची कित्येक वर्षं ही कटकट सुटते.

कपाटाची दारं बोटभर उघडी राहतील अशी मधे गुंडाळलेली चिंधी अडकवा. खण दोन इंच बाहेर ओढून ठेवा. आतले कपडे, पुस्तकं, गाद्या काढा, त्या पाणी धरून ठेवतात. वरून झाकायचं तर जुनं धोतर किंवा सुती साडी. वर्तमानपत्र नको: लाखेचं पॉलिश दमट हवेत मऊ पडतं आणि शाईसकट कागद त्याला चिकटतो.

लाकडालाकडांत फरक असतो. सागवान, शिसवी आणि फणसाचा गाभा तग धरतात. आंब्याचं लाकूड आणि कुठल्याही लाकडाचा बाहेरचा पांढरा भाग किड्याला आणि बुरशीला आवडतो. प्लायवुड घ्यायचंच तर उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या दर्जाचं, आणि कापलेल्या कडा पट्टीने किंवा रंगाने बंद केलेलं. पार्टिकल बोर्डाचं फर्निचर कोकणातल्या बंद घरात आणूच नये. ते एकदा फुगलं की परत बसत नाही, आणि त्यावर खर्चलेला वेळही वाया जातो.

किडीत दोन जाती ओळखायच्या. वाळवी जमिनीतून येते, मातीच्या नळ्या बांधत. पाय कडप्प्यावर असेल तर ती आत न शिरता बाहेरून चढते आणि नळी डोळ्यांना दिसते. नळी नुसती मोडून भागत नाही, भिंतीच्या बुडाशी औषध टोचून घ्यावं लागतं. दुसरा किडा लाकडातच जन्मतो: एक-दोन मिलिमीटरची भोकं आणि खाली मैद्यासारखी बारीक पूड. कोऱ्या, पॉलिश नसलेल्या भागावर बोरॅक्स 60 ग्रॅम आणि बोरिक ॲसिड 40 ग्रॅम एक लिटर गरम पाण्यात विरघळवून दोन-तीन हात द्यावेत आणि आठवडाभर सुकू द्यावं. पॉलिशवर हे मुरत नाही, आणि पावसाच्या माऱ्यात धुऊन जातं, म्हणून आतल्या सामानापुरतंच. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल पायांच्या तळाला आणि कपाटाच्या पाठीला उत्तम, पण लाकूड काळं पडतं आणि कातडी भाजते. हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नये.

वाद्यं

वाद्य हवाबंद करताना एक हिशेब लक्षात ठेवावा. डब्यातल्या हवेत पाणी नगण्य असतं, एक घनमीटर हवेत फार तर 30 ग्रॅम. पाणी खरं असतं ते वाद्याच्या लाकडात. आठ किलोच्या पेटीचं लाकूड एक टक्का जास्त ओलं असेल तर तेच सत्तर-ऐंशी ग्रॅम झालं. म्हणून ओलं वाद्य डब्यात घालून वर सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्या तर काही होत नाही. आधी वाद्य सुकवा, मग बंद करा.

सिलिका जेल सुटी, किलोने घ्या. निळी दाणेदार मिळते ती ओली झाली की गुलाबी होते, पण तिच्यात विषारी कोबाल्ट असतो, तेव्हा नारिंगी रंगाची घ्यावी. जेल आपल्या वजनाच्या पाव भागाएवढं पाणी धरते. वापरलेली जेल ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा ताजी होते, मात्र त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक करू नये. सुती पुरचुंडीत बांधून, वाद्याला न टेकेल अशी ठेवा. तांदूळ टाकू नका, त्यात टोके होतात. पाणी गोळा करणारे प्लास्टिकचे डबे वाद्याजवळ नकोत. त्यांत साचतं ते खारं पाणी, आणि ते सांडलं की पितळ-लोखंड गेलंच. डांबरगोळ्याही पेटीत नकोत, पट्ट्यांचं प्लास्टिक आणि लाख त्यांनी मऊ पडते.

*पेटी.* सगळे खटके बंद करा, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी दाबणारी जोडणी) सोडवून ठेवा, भाता पूर्ण मिटवून आकडा लावा. पट्ट्यांवर मलमलची घडी ठेवा आणि झाकण टेकवा. आतल्या पितळी स्वरांना (रीडना) बोट लावू नका: घामातल्या मिठाने हिरवा गंज धरतो आणि स्वर उतरतो. भाता मिटवलेला असला तरी त्यावर काही ठेवू नका, कोपऱ्यातलं कातडं दुमडतं आणि तिथेच फुटतं. मग पेटी सुती चादरीत गुंडाळून 200 मायक्रॉन जाडीच्या पारदर्शक पॉलिथिन पिशवीत घाला, आत एक किलो सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक, दर्शनी बाजू बाहेर. पिशवीचं तोंड पिळून, दुमडून, रबराने दोनदा बांधा आणि ही पिशवी दुसऱ्या तशाच पिशवीत घाला. एवढी जाड पिशवीही थोडं पाणी झिरपू देते. चार महिन्यांत पेटीएवढ्या पिशवीतून ढोबळ मानाने दीडशे ग्रॅम पाणी आत येतं, म्हणून किलोभर जेल. शंभर ग्रॅमच्या पुड्या वीसेक दिवसांत भरून जातात आणि नंतर त्यांचा उपयोग नसतो. उंदीर प्लास्टिक सहज कुरतडतो आणि भात्याचं कातडं त्याला प्रिय, तेव्हा ही गुंडाळी पेटीच्या लाकडी खोक्यात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत, आणि ट्रंक बाकावर.

*तबला-डग्गा.* पुडीवरच्या (कातड्याच्या तोंडावरच्या) काळ्या शाईत लोखंडाची पूड आणि भाताची खळ असते. खळ म्हणजे बुरशीचं जेवण. वरची पावडर झटकून काढा, ती ओल धरते. गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) हातोडीने हलके ठोकून पुडीच्या दिशेने सेंटिमीटरभर सरकवा, सगळे सारखे, म्हणजे ताण उतरतो. एकच बाजू सैल केली तर पुडी तिरकी बसते. वादी (ताण देणारी कातडी पट्टी) पूर्ण काढू नका, पुडी आकार सोडते. ताण उतरवायचा तो पावसाळ्यासाठी नव्हे, ऑक्टोबरसाठी: दमट हवेत कातडं आपणच सैल पडतं, पण कोरडी हवा लागली की ते आवळतं आणि ताणलेली पुडी मैदानात, म्हणजे शाई आणि काठ यांच्या मधे, फाटते. जोडी दोन सुती पिशव्यांत घालून लोखंडी कड्याच्या झाकणाच्या निळ्या प्लास्टिक पिंपात ठेवा. पिंपाच्या भिंतीतून ओल जवळजवळ येत नाही, म्हणून इथे पाव किलो जेल पुरे. जास्त घातली तर कातडं कोरडंठाक पडतं, तेही वाईट.

*पखवाज, मृदंग, ढोलकी.* पखवाजाच्या डाव्या पुडीवरची कणीक शेवटच्या कणापर्यंत खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, दिवसभर सुकवा. भजनाच्या पखवाजाला झुरळं लागतात ती या कणकेमुळे. ढोलकीच्या कड्या सैल करा. घुमटाचं (मडक्याच्या चर्मवाद्याचं) तोंड वर करून तो सुती पिशवीत टांगा. जुन्या घुमटावर घोरपडीचं कातडं असेल तर ते तसंच पुन्हा चढवण्याचा विचार सोडा, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते बंद आहे. आता बकऱ्याचं लावतात. टाळ-झांजा कोरड्या पुसून, जोडीच्या मधे कापड घालून वेगळ्या डब्यात.

*तंबोरा, सतार.* खरं सांगायचं तर ही वाद्यं बंद घरात ठेवूच नयेत. भोपळा हे फळ आहे, त्याला बुरशी आणि किडा दोन्ही लागतात, आणि तबली, गळा, भोपळा यांचे सांधे बहुधा सरसाचे असतात. वाडीत ज्यांच्याकडे बारमाही राबता आहे त्यांच्या घरी ठेवणं हजार उपायांपेक्षा बरं. ठेवावाच लागला तर तारा दोन-तीन स्वरांनी उतरवा, पूर्ण सोडू नका, घोडी सरकते. तारांखालचे जिवाळीचे दोरे काढून पाकिटात ठेवा. पोलादी तारांवर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा (खोबरेल नको, ते खवट होऊन चिकटतं). वाद्य कोपऱ्यात उभं करू नका: भोपळा फरशीवर, गळा ओल्या भिंतीला, याहून वाईट जागा नाही. पलंगावर गादीवर आडवं, भोपळ्याखाली कापडाची चुंबळ, वरून मांडवाच्या जाड प्लास्टिकची लांब पिशवी आणि आत दीड-दोन किलो जेल.

गिटार-व्हायोलिनचं तंत्र हेच: तारा एका स्वराने सैल, केस कोरडी, केससकट हवाबंद पिशवी.

मधे कोणी घर उघडणार असेल तर

किल्ली शेजारच्या काकांकडे असते आणि ते प्रेमाने सकाळी सकाळी सगळ्या खिडक्या उघडतात. सकाळची हवा सर्वात ओली आणि घरातली फरशी सर्वात गार, म्हणजे बाहेरची वाफ आत येऊन सामानावरच थिजते. त्यांना सांगावं: पाऊस थांबून ऊन पडलेलं असेल अशा दिवशी दुपारी बारा ते चार, त्याच्या आधी-नंतर नाही. पिशव्या उघडायच्या नाहीत, फक्त मापक वाचायचा. 45 ते 60 म्हणजे उत्तम. 70 च्या वर गेला तर ताजी जेल घालून पिशवी पुन्हा बांधायची. पायांवर मातीची नळी, खाली मैद्यासारखी पूड आणि छताला ओला डाग, एवढ्या तीन गोष्टी पाहायच्या.

गणपतीत आणि नंतर

अडचण इथेच येते. भाद्रपदात हवा अजून 85-90 वर असते आणि आरती-भजनाला पेटी, पखवाज हवाच. ज्या घरात दोन पेट्या आहेत त्यांनी चांगली बंदच ठेवावी आणि साधी वाजवावी. एकच असेल तर पिशवीसकट खोलीत आणून एक रात्र ठेवा, मग उघडा. विसर्जनानंतर पुन्हा बंद करण्याआधी ती सुकवायला हवी: दोन दिवस माणसांचा वावर आणि पंखा चालू असलेल्या खोलीत, आणि नवी किंवा भाजलेली जेल.

बुरशी दिसलीच तर वस्तू बाहेर न्या, तोंडाला फडकं बांधा, आधी कोरड्या ब्रशने झाडा. पॉलियुरेथेनवर स्पिरिटचं फडकं चालतं. लाखेच्या पॉलिशवर स्पिरिट लावलं तर पॉलिशच निघून येतं, तिथे साबणाच्या दोन थेंबांच्या पाण्यात पिळलेलं फडकं, नंतर कोरडं. कातड्यावर पाणी नको, नुसतं झाडणं.

पट्टी अडकते म्हणून घासू नका, खुंटी अडकली म्हणून पिरगळू नका, खण रंधू नका. सप्टेंबरात घासलेली पट्टी डिसेंबरात खडखडते. पुढचे दोन-अडीच महिने लाकूड हळूहळू पाणी सोडत असतं, त्या काळात खोली रोज दुपारी थोडी उघडी ठेवावी, पण वाद्यावर थेट वारा किंवा ऊन येऊ नये. गावच्या घरातलं वाद्य गाडीत घालून थेट मुंबईच्या वातानुकूलित खोलीत नेणं सर्वात घातक: 20 टक्क्यांचं लाकूड काही दिवसांत निम्म्यावर आणायचा तो प्रकार, तबलीला उभी चीर जाते. न्यायचंच असेल तर केसमध्येच, एसी नसलेल्या खोलीत, दोन-तीन आठवडे बंद ठेवून, मग रोज थोडा वेळ झाकण उघडत.